जावईबापूंचं नवं व्हर्जन

बावड्यात अविराज खोमणेला कुणी रागवत नसे, आणि त्या शुक्रवारी त्याला सगळ्यात जास्त त्रास झाला तो त्याचाच.

तो गावचा जावई. राहायला बारामतीच्या कडेला, जळोचीत. पुण्यात अकरा वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केली, मग कंपनीने घरी बसून काम करायला सांगितलं आणि पुढे नुसतंच घरी बसायला सांगितलं. तेव्हापासून तो स्वतःला सल्लागार म्हणवून घेत होता. सल्ला मागणारं गिऱ्हाईक मात्र सहा महिन्यांत एकच मिळालं, तेही बायकोच्या माहेरचं. बावड्याच्या डाळिंबवाल्यांनी मिळून एक शेतकरी कंपनी काढली होती, आणि तिचे अध्यक्ष मोहनराव हे अविराजचे सासरे होते. हे काम आपल्याला अनुभवाच्या जोरावर मिळालं, असं अविराज मित्रांना सांगायचा. त्याची बायको निकिता शेजारी बसलेली असली की हे वाक्य तो जरा हळू आवाजात म्हणायचा.

कंपनीचं पॅकहाउस गावाबाहेर होतं. बागेतून क्रेटमध्ये डाळिंबं यायची, सिंधुबाई आणि तिच्या हाताखालच्या बाया ती निवडायच्या, वजन व्हायचं, माल खोक्यांत भरला जायचा आणि प्रत्येक खोक्यावर लेबल लागायचं. शेतकऱ्याचा नंबर, प्लॉटचा नंबर, प्रत, वजन, तारीख. माल परदेशी जायचा, त्यामुळे लेबल नसलेलं खोकं कंटेनरमध्ये चढत नसे. लेबलं छापणारा कॉम्प्युटर एकच होता आणि तो स्वरूपाच्या ताब्यात होता.

स्वरूपा निकिताच्या भावकीतली, म्हणून अविराजला दाजी म्हणायची. इंदापूरला राहून तिने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. पॅकहाउसच्या त्या जुन्या मशिनवर लिनक्स तिनेच टाकलं होतं आणि लेबलं छापणारा प्रोग्रामही पायथॉनमध्ये तिनेच लिहिला होता. तिचा एक नियम होता. या कॉम्प्युटरवर जे काही बसवायचं ते सिस्टीमच्या स्वतःच्या साठ्यातून, पॅकेज मॅनेजर नावाच्या प्रोग्रामला सांगूनच बसवायचं.

हा साठा म्हणजे काय, तर ज्यांनी ती सिस्टीम बांधली त्यांनीच एकेक प्रोग्राम तपासून, तो बाकीच्यांशी जुळतो की नाही ते बघून मांडून ठेवलेला असतो. तिथून आणलेलं एकमेकांशी भांडत नाही. फक्त ते दोन-दोन वर्षं जुनं असतं. दुसरीकडे पायथॉन या भाषेचा स्वतःचा खुला बाजार आहे. जगातला कुणीही आपली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांना आयता वापरता येईल असा कोड, तिथं आणून ठेवतो, सकाळी लिहिलेलं संध्याकाळी मिळतं, आणि आपल्या घरातल्या बाकीच्या सामानाशी त्याचं पटेल की नाही हे ज्याचं त्याने बघायचं.

अविराज त्या बाजारातला माणूस. जुना व्हर्जन नंबर दिसला की त्याचा चेहरा ताकात माशी पडल्यासारखा व्हायचा. आणि आता तर त्याने कंपनीसाठी एक कॅमेरा आणला होता. डाळिंबावर तेल्या रोगाचा डाग आहे की नाही, हे तो कॅमेरा बघून सांगणार होता. त्यासाठी लागणारी लायब्ररी साठ्यात होती, पण जुनी. अविराजला हवं असलेलं एक फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, तिच्यात नव्हतं. हे खरं होतं. ते फंक्शन दोन दिवस बसून हाताने लिहिता आलं असतं, हेही खरं होतं. पण ते सांगण्यात काही मजा नव्हती.

गुरुवारी दुपारी संचालकांची बैठक पॅकहाउसमध्येच भरली. सात संचालक, मधे मोहनराव, टेबलावर कॅमेरा, कॅमेऱ्यापुढे बारा डाळिंबं. अविराजने प्रस्ताव मांडला.

"साठ्यात हाय ती लायब्ररी," स्वरूपा कोपऱ्यातून म्हणाली. "जुनी हाय, पर चालती."

"दोन वर्षं जुनी आहे, स्वरूपा. आमच्या क्षेत्रात दोन वर्षं म्हणजे फार झाली."

संचालकांपैकी कुणालाच काही कळत नव्हतं आणि प्रत्येक जण मान हलवत होता. शेवटी मोहनरावांनी घसा साफ केला. "म्हंजी आसं का, अविराजराव? साठ्यातनं घ्यायचं म्हंजी आडत्याकडनं घेतल्यागत, आन तुमी म्हनताय ते थेट बागंतनं?"

हे चूक आहे, हे अविराजला तिथल्या तिथं कळलं. तो साठा सांभाळणारी माणसं कुणाकडून आडत घेत नाहीत. रात्रंदिवस राबून, बहुतेक फुकटात, दुसऱ्याचा माल तपासतात. पण समोर सात डाळिंबवाले बसले होते. सातही जणांनी उभ्या आयुष्यात आडत्याबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता.

"अगदी बरोबर, मामा," अविराज म्हणाला. "थेट बागेतून."

ठराव एकमताने मंजूर झाला. स्वरूपाला मत नव्हतं.

मग अविराजने सगळ्यांसमोर आज्ञा टाइप केली आणि कॉम्प्युटरने ती साफ नाकारली. हा पायथॉन सिस्टीमच्या ताब्यात आहे, बाहेरचं काही बसवायचं तर त्यासाठी वेगळी जागा करा, असा त्याने पडद्यावर लांबलचक निरोप दिला. तरीही हट्टच असेल तर आज्ञेपुढे अमुक शब्द जोडा, पण सिस्टीम मोडू शकते एवढं लक्षात ठेवा, असंही बजावलं. ते शब्द होते, 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस'. सिस्टीमची पॅकेजं मोडा.

"दाजी, येगळी जागा करा म्हनतोय त्यो," स्वरूपा म्हणाली.

वेगळी जागा करायला दोन मिनिटं लागतात. हे अविराजइतकं कुणाला ठाऊक असणार? पुण्यात असताना नवीन भरती झालेल्या पोरापोरींच्या तीन तुकड्यांना त्याने स्वतः हेच शिकवलं होतं. त्याच्या सादरीकरणात याच तीन शब्दांचं एक अख्खं पान होतं आणि त्याखाली लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'हे कधीही करू नका'. पण दोन मिनिटं म्हणजे सात संचालकांसमोर फार मोठा काळ. त्यातल्या एकाने तर आधीच टोपी झटकून डोक्यावर ठेवली होती.

"मशिन आहे ते. घाबरवायचंच काम त्याचं," अविराज म्हणाला, आणि ते तीन शब्द त्याने आपल्या दहा बोटांनी, एकही चूक न करता टाइप केले.

कॅमेरा चालला. बारा डाळिंबांपैकी डागाची तीन त्याने बरोबर हुडकली. टोपीवाल्या संचालकाने टाळी वाजवली. अविराज घरी पोचायच्या आत सासऱ्यांचा फोन निकिताला येऊन गेला होता.

"आप्पा म्हणत होते, जावयाने कॉम्प्युटर सुधारला," निकिता म्हणाली.

"तसं फार काही नाही," अविराज म्हणाला, आणि ते वाक्य तिने पुन्हा म्हणावं म्हणून थोडा वेळ तिथंच घुटमळला.

शुक्रवारी सकाळी साडेआठला स्वरूपाचा फोन आला.

"दाजी, लेबलं निघंनात."

"प्रिंटर बंद करून चालू कर."

"केला."

"रोल संपला असेल."

"रोल नवा हाय."

"बरं, कालपासून काही बदललंय का?" त्याने सवयीने विचारलं. अकरा वर्षं तो हा प्रश्न लोकांना विचारत आला होता. पलीकडे स्वरूपा काहीच बोलली नाही. ती इतका वेळ काही बोलली नाही, की शेवटी उत्तर त्याचं त्यालाच सापडलं.

"आलोच," तो म्हणाला.

जळोचीहून बावडा काही जवळ नाही. निमगाव केतकीच्या अलीकडे तो उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकला आणि तेवढ्या वेळात त्याने तीन कारणं तयार केली. पहिलं, प्रिंटर. दुसरं, वीज कमी-जास्त झाली असणार. तिसरं, स्वरूपाचा प्रोग्रामच जुन्या पद्धतीने लिहिलेला आहे. इंदापूर ओलांडेपर्यंत त्याने तिसरं पक्कं केलं, कारण ते ऐकायला सगळ्यात जाणकार वाटत होतं.

पॅकहाउसच्या दारात कंटेनर येऊन उभा होता. दुपारी एकला निघायचा होता. आत बाया निवडत होत्या, खोकी भरली जात होती आणि बिनलेबलाची खोकी भिंतीपर्यंत रचत गेली होती. अविराज दिसताच मोहनरावांनी हाक दिली, "पावनं आलं. आदी च्या आना. आन ती गादीची खुर्ची."

गादीच्या खुर्चीवर बसून, हातात चहा घेऊन अविराजने पडद्यावरची चूक वाचली. काय झालं होतं ते त्याला लगेच समजलं. कॅमेऱ्याच्या लायब्ररीने येताना आपल्यासोबत चित्रं काढणारी आणखी एक लायब्ररी आणली होती, अगदी ताजी. त्या ताज्या लायब्ररीतून अक्षरांची रुंदी मोजायचं एक जुनं फंक्शन काढून टाकलेलं होतं. आणि स्वरूपाचा प्रोग्राम प्रत्येक लेबलावर तेच फंक्शन वापरत होता.

"ते फंक्शन जाणार, असं लायब्ररीवाले कधीपासून सांगत होते," अविराज म्हणाला. "म्हणजे तसं बघितलं तर तुझ्या प्रोग्राममध्येच..."

"काल सकाळी चालत व्हता," स्वरूपा म्हणाली.

 तिथंच शांतपणे विचार केला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण पाठीमागे सासरे उभे होते, त्यांच्यामागे कंटेनरचा ड्रायव्हर उभा होता, आणि बारीकसारीक दुरुस्ती करत बसणं अविराजला त्या घटकेला फार किरकोळ वाटलं. काहीतरी ठाम करायला हवं होतं.

"पायथॉन पूर्ण काढू आणि नव्याने टाकू. स्वच्छ होऊन जाईल."

त्याने काढायची आज्ञा दिली. यावेळी कॉम्प्युटरने नकार दिला नाही. पायथॉनबरोबर आणखी काय काय काढावं लागेल त्याची यादी तेवढी दाखवली. ती पडद्यावरून वर सरकत राहिली, थांबेचना. शेवटी एक ओळ आली, पुढे जायचं का?

"दाजी, यादी लांब हाय," स्वरूपा म्हणाली. "वाचा की."

"ह्या याद्या अशाच असतात गं."

त्याने होकाराची कळ दाबली.

त्या सिस्टीमचा अर्धा संसार पायथॉनवर उभा होता. पडद्यावरच्या खिडक्या, इंटरनेटची जोडणी, प्रिंटरची मांडणी. यादीत सगळ्यांची नावं होती, एकेक, अक्षरांच्या क्रमाने. आपल्याला आधी सांगितलं नव्हतं असं म्हणायलाही कॉम्प्युटरने त्याला जागा ठेवली नव्हती. खिडक्या एकेक करून गेल्या, पडदा काळा झाला आणि डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

"ह्ये काय झालं?" मोहनरावांनी विचारलं.

"स्वच्छ झालं," अविराज म्हणाला.

आता नव्याने टाकायचं. त्याने आज्ञा दिली. कॉम्प्युटर म्हणाला, इंटरनेट नाही.

"नेट कुटं गेलं?" स्वरूपा.

"ते... ते पण यादीत होतं."

 ड्रायव्हरने घड्याळ बघितलं. मोहनराव म्हणाले, "आसूं द्या, आसूं द्या. मशिनचं काय सांगावं? पावन्यांना पानी द्या रं कुनीतरी." पाणी आलं. अविराजने ते न पिताच बाजूला ठेवलं. कुणीतरी आपल्याला चार शब्द सुनवावेत असं त्याला मनापासून वाटलं, पण गावात ते करायला कुणी तयार नव्हतं. घाईघाईत त्याला तिसरी एक कल्पना सुचली आणि त्याने पुन्हा कीबोर्डकडे हात नेला.

"हात लावू नगा!"

स्वरूपा ओरडली होती. निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. मोहनरावांनी आधी तिच्याकडे बघितलं आणि मग, आता काय होतंय म्हणून, जावयाकडे. अविराजने हात काढून घेतला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि बावड्यात त्याच्याशी या आवाजात कुणी प्रथमच बोललं होतं. आश्चर्य म्हणजे त्याला बरं वाटलं.

"उठा," ती म्हणाली. तो उठला.

तिने कपाट उघडून एक पेनड्राइव्ह काढला. सिस्टीमचा साठा तिने त्यात भरून ठेवला होता, नेट नसलं तरी अडायला नको म्हणून. मग एक प्लास्टिकची फाइल काढली. दर महिन्याच्या एक तारखेला ती कॉम्प्युटरवर बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव कागदावर छापून ठेवायची. अविराजच्या लॅपटॉपवर काय काय आहे हे विचारलं असतं, तर खुद्द अविराजला सांगता आलं नसतं.

"यादी बघून सगळं परत बसवते," ती म्हणाली. "दीड-दोन तास जातील."

"मी काय करू?"

तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचं अक्षर कसं हाय?"

अक्षर वाईट होतं. पंधरा वर्षांत सहीपलीकडे त्याने हाताने काही लिहिलं नव्हतं. पण मोहनरावांनी ठरवलं होतं की तोवर लेबलं हातानेच लिहायची, आणि लिहिता येणारी मोकळी माणसं थोडी होती. अविराज खोक्यांच्या रांगेपाशी पोत्यावर बसला. सिंधुबाईने त्याच्यापुढे कोऱ्या लेबलांचा रोल आणि काळा मार्कर ठेवला. ती नंबर सांगणार, त्याने लिहायचं.

पहिल्या दहा लेबलांत त्याने तीन वाया घालवली. सिंधुबाई प्रत्येक लेबल लांब धरून बघायची.

"ह्यो एक हाय का सात?"

"सात."

"मंग सातागत काढा की, पावनं. तितल्या मानसाला काय सपान पडनार हाय?"

साधारण साठाव्या खोक्यापाशी तिने त्याला थांबवलं. "मागली बारा परत बगू." तिने ती खोकी पुढे ओढली. माल माळवाडीच्या एका बाईच्या बागेतला होता आणि अविराजने बाराही लेबलांवर मोहनरावांचा प्लॉट नंबर लिहिला होता. पाठ असलेला तो एकच नंबर, हाताने आपला आपणच लिहून टाकला होता.

"सासऱ्याचं बरं ध्यानात ऱ्हातंय," सिंधुबाई म्हणाली, आणि रांगेतल्या बाया इतक्या हसल्या की एकीच्या हातातलं डाळिंब खाली पडलं. त्याने बारा लेबलं खरवडून काढली आणि पुन्हा लिहिली.

"मावशी, एवढं एकेक फळ कसं बघता तुम्ही?" त्याने थोड्या वेळाने विचारलं. तिचे हात एकीकडे चालूच होते.

"मंग काय न बगता घालू? एक नासकं गेलं की समदं खोकं जातंय." ती सहज म्हणाली. पुढचा नंबर सांगून तिने त्याच्याकडे बघितलं. तो लिहायचा थांबला होता. "का वो? ल्ह्या की."

साडेबाराला स्वरूपाने हाक मारली. पडदा परत आला होता. खिडक्या, नेट, प्रिंटर, सगळं जागेवर होतं. ती यादीवर पेनाने शेवटची खूण करत होती. तिने लेबलाचा प्रोग्राम चालवला.

तीच चूक. अक्षर न अक्षर तीच.

सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा पडला. "समदं यादीपरमानं हाय, दाजी. तरी त्येच."

अविराज मार्करने काळी झालेली बोटं घेऊन तिच्यामागे उभा होता. खुर्ची रिकामी नव्हती आणि कीबोर्डही हाताशी नव्हता, त्यामुळे करण्यासारखं एकच काम उरलं होतं, विचार करणं. तो त्याने केला. सिस्टीमच्या साठ्यातलं सामान एका फोल्डरमध्ये राहतं. बाजारातून हाताने आणलेलं दुसऱ्याच फोल्डरमध्ये जातं. आणि पायथॉन आधी त्या दुसऱ्यात बघतो.

"थांब," तो म्हणाला. "मी टाकलेलं अजून तिथंच आहे. ते सिस्टीमच्या यादीत नव्हतंच कधी, म्हणून सकाळी सगळं काढलं तरी ते निघालं नाही. तुझं जुनंही आहे. पायथॉन तिथपर्यंत पोचतच नाहीये. माझं नवीन आधी लागतं त्याला."

"म्हंजी माजी जुनी लायब्ररी काल बी जाग्यावरच व्हती?"

"हो."

"आन सकाळी फकस्त तुमची नवी काढली आसती तर?"

"तर तुझी आपोआप चालू झाली असती."

"किती येळ लागला आसता?"

"अर्धं मिनिट," अविराज म्हणाला.

स्वरूपाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग हाताने लिहिलेल्या लेबलांच्या खोक्यांकडे बघितलं.

"बोल ना काहीतरी."

"काय बोलू? तुमी जावई."

"तरी बोल."

तिने पेनाचं टोपण लावलं. "काल तुमी सात जनांना इचारलं. त्यातल्या कुनालाच ह्यातलं कळत न्हाय. मला कळतंय, तर मला इचारलं न्हाय. मी दोनदा बोलले तरी न्हाय. लायब्ररी नवी का जुनी, ह्ये माजं दुखनं न्हाय, दाजी. उद्या मला बी नवी लागंल. पर हितं रोज सकाळी ह्या मशिनपुढं मी बसते. तुमी जळोचीला जाता."

 ट्रॉल्यांमागे बसून तयार केलेल्या तिन्ही कारणांतलं एकही इथं बसण्यासारखं नव्हतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. पुण्याची भाषा घशातच राहिली आणि लहानपणीची बाहेर आली. "लई चुकलं. आता तू टाइप कर. मी सांगतो, पर तू वाचून बघ आदी."

त्याने सांगितलं, तिने टाइप केलं. काय काय निघणार त्याची यादी आली, चारच नावांची. तिने ती चारही मोठ्याने वाचली, प्रत्येक नावाला त्याने हो म्हटलं, आणि मग तिने कळ दाबली. प्रिंटर घरघरला आणि लेबल बाहेर आलं. सिंधुबाईने ते उचलून लांब धरलं. "ह्यो बगा, ह्याला म्हनायचं सात."

कंटेनर दोन वाजून दहा मिनिटांनी निघाला, तासाभराच्या उशिराने. तो वळणाआड गेल्यावर अविराज मोहनरावांपाशी गेला आणि त्याने झालेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. तीन शब्दांचं, लाल अक्षरांच्या पानाचं, न वाचलेल्या यादीचं.

"आणि मामा, तुम्ही आडत्याचं म्हणालात ना, ते तसं नव्हतं. मला माहीत होतं. तुम्हाला पटतंय म्हणून मी हो म्हटलं."

मोहनरावांनी कंटेनर गेला त्या रस्त्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "अविराजराव, जावई म्हनून तुमाला म्या काय बोलनार न्हाय. पर तुमी आमचे सल्लागार बी हाय."

"हो."

"मंग सल्लागाराला बोलतो."

आणि ते बोलले. दहा मिनिटं बोलले. मोहनराव साखर कारखान्याच्या सभांमधून तयार झालेले गृहस्थ; त्यांना माइक लागत नसे. शेजारच्या शेतात मोटार चालू करायला आलेला माणूस मोटार सोडून ऐकत उभा राहिला. बोलून झाल्यावर त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "आता जावई म्हनून जेवायला चला. थांबल्यात घरी."

जेवताना कुणी त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. तिसऱ्यांदा वाढायला आलेल्या सासूबाईंना नाही म्हणायचा धीर त्याला झाला नाही.

पुढच्या आठवड्यात अविराज आणि स्वरूपाने मिळून कॅमेऱ्यासाठी वेगळी जागा केली. दोन मिनिटं लागतात असं तो म्हणाला होता; स्वरूपाने शेजारी बसून प्रत्येक पायरी लिहून घेतली म्हणून वीस लागली. बाजारातलं ताजं सामान त्या जागेतच राहिलं आणि सिस्टीमच्या साठ्याला त्याचा धक्का लागला नाही. अक्षरांची रुंदी मोजायचं जुनं फंक्शनही तिने आपण होऊन बदललं, एका दुपारी, त्याला न विचारता. कॅमेऱ्याची शर्यत सिंधुबाईशी लावली तेव्हा शंभर डाळिंबांत कॅमेरा नऊ ठिकाणी चुकला आणि ती दोन ठिकाणी. त्या दोनांबद्दलही तिचं म्हणणं होतं की तिचंच बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी ती फळं कापून बघितली, तर एका बाबतीत ते खरं निघालं. कॅमेरा आता पहिली ढोबळ निवड करतो.

महिन्याभराने सांगवीच्या भाजीपाला गटाचा अविराजला फोन आला. त्यांच्या शेडमध्ये वजनकाटा आणि कॉम्प्युटर जोडायचा होता. बावड्याचं काम ऐकलं, म्हणाले. अविराज खुर्चीतून उठून उभा राहिला. दुसरं गिऱ्हाईक! निकिताला ऐकू जावं म्हणून त्याने आवाज थोडा चढवला.

"हो, बोला ना. मीच अविराज खोमणे."

"त्येच. तुमच्याकडं त्या स्वरूपा म्याडमचा नंबर आसंल का? तितं त्याच बगत्यात म्हनं."

स्वरूपाचा नंबर त्याने त्याच चढ्या आवाजात दिला. स्वयंपाकघरातून निकिताचं हसणं ऐकू आलं आणि बराच वेळ ते थांबेना.

संध्याकाळी स्वरूपाचा फोन आला. "दाजी, परवा सांगवीला चाललेय. मी यष्टीनं बारामतीपातूर येते. फुडं तुमच्या गाडीतनं जाऊ. येताय न्हवं?"

"मी येऊन काय करू?"

"बसा संगं. कॅमेऱ्याचं काय निघालं तर तुमाला इचारीन की."

परवाच्या दिवशी तो तिला घेऊन गेला. शेडमध्ये कोबीच्या आणि टोमॅटोच्या क्रेटांमध्ये गटाची पाच-सहा माणसं उभी होती. "हे आमचे दाजी," स्वरूपाने ओळख करून दिली. "कॉम्प्युटरमदलं त्यांना कळतं." मग ती मशिनपुढे बसली आणि आधी त्यावर काय काय बसवलेलं आहे ते वाचू लागली. अविराज तिच्या मागे, खांबाला टेकून उभा राहिला. तोंडाशी दोनदा काहीतरी आलं, तो काही बोलला नाही. साडेअकराच्या सुमाराला ती मान न वळवता म्हणाली, "दाजी, ह्ये बगा बरं जरा," आणि तो पुढे झाला.